गावातला बदल मोजायचा कसा : आरोग्य, शिक्षण आणि पाण्याच्या दीर्घकालीन मोजणीचे मार्गदर्शन

एखाद्या तालुक्यात तीन-चार वर्षे काम झाले, की कोणीतरी विचारतेच : नेमका फरक काय पडला? बहुतेक संस्था, महाविद्यालये आणि ग्रामपंचायती मोजणीची जुळवाजुळव नेमकी तेव्हा सुरू करतात, आणि तोपर्यंत आधीची स्थिती काय होती हे सांगणारी विश्वासार्ह नोंद हाताशी उरलेली नसते. नोंद असली तरी अडचण संपत नाही, कारण दोन वेळच्या आकड्यांमधील फरकात चार गोष्टी मिसळलेल्या असतात : प्रत्यक्ष घडलेला बदल, मोजण्याच्या पद्धतीत झालेला बदल, मोजल्या गेलेल्या माणसांत किंवा विहिरींत झालेला बदल, आणि हंगामाचा किंवा त्या वर्षाच्या पावसाचा परिणाम. यांतील पहिली गोष्ट उरलेल्या तिघींपासून वेगळी कशी काढायची, एवढाच या लेखाचा विषय आहे. उदाहरणासाठी तीन मोजमापे घेतली आहेत : पाच वर्षांखालील मुलांची वाढ, प्राथमिक शाळेतील मुलांचे वाचन आणि विहिरींची पाणीपातळी.

पायरी १ : प्रश्न आणि निर्देशक आधी लिहून ठेवा

‘कुपोषण कमी झाले का?’ हा मोजता येण्याजोगा प्रश्न नाही. ‘ठरलेल्या बारा गावांतील पाच वर्षांखालील मुलांपैकी वयाच्या मानाने उंची कमी असलेल्यांचे प्रमाण तीन वर्षांत किती बदलले?’ हा मोजता येतो. हा आग्रह केवळ काटेकोरपणापोटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात अशा, म्हणजे खुज्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते, ते २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्क्यांवर आले आणि पुढच्या फेरीत ३५.२ टक्के झाले. त्याच तीन फेऱ्यांत उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या, म्हणजे लुकड्या मुलांचे प्रमाण १६.५ टक्क्यांवरून २५.६ टक्क्यांवर गेले आणि तेथेच राहिले. एकाच सर्वेक्षणातून ‘कुपोषण घटले’ आणि ‘कुपोषण वाढले’ असे दोन्ही मथळे काढता येतात, आणि ते काढले गेलेही आहेत. खुजेपण हा दीर्घकाळ अपुरे पोषण आणि वारंवार आजारपण यांचा परिणाम असतो, तर लुकडेपणा गेल्या काही आठवड्यांतील उपासमार किंवा आजार दाखवतो. आपले काम यांतील कशावर परिणाम करू शकते, हे पहिल्या फेरीपूर्वी ठरवून कागदावर लिहिले नाही, तर शेवटी जो आकडा सोयीचा असेल तोच उचलला जातो.

निर्देशक मोजके ठेवावेत. चाळीस प्रश्नांची प्रश्नावली पहिल्या फेरीत उत्साहाने भरली जाते आणि तिसऱ्या फेरीत तिच्यातले अर्धे रकाने रिकामे राहतात.

पायरी २ : उपलब्ध आकडेवारी वाचा, पण तिच्या सीमा ओळखून

नवी मोजणी सुरू करण्यापूर्वी सरकारी आणि सार्वजनिक आकडेवारी पाहावीच. मात्र तिच्यात कालतुलनेचे बरेच सापळे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी ‘२०१९-२१’ या नावाने ओळखली जाते. परंतु महाराष्ट्रातील घरभेटी २०१९ मध्येच, करोनाची साथ येण्यापूर्वी पूर्ण झाल्या होत्या. साहजिकच ते आकडे वापरून राज्यातील टाळेबंदीचा परिणाम सांगणे चुकीचे ठरते. चौथी फेरी २०११ च्या जनगणनेतील जिल्हारचनेवर बेतलेली होती, त्यामुळे तिच्यातील ‘ठाणे’ म्हणजे पालघरसह जुना ठाणे जिल्हा. पाचव्या फेरीत पालघर वेगळा आहे. आदिवासी तालुक्यांचा मोठा पट्टा एका जिल्ह्यातून बाहेर पडला, की उरलेल्या जिल्ह्याचे आकडे काहीही न करता सुधारलेले दिसू शकतात.

शिक्षणाबाबत ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन एकेका मुलाचे वाचन तपासते, तर केंद्र सरकारचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण (२०२४ मध्ये ते ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ या नावाने झाले) शाळेत, हजर असलेल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेते. एकाचा जुना आकडा आणि दुसऱ्याचा नवा आकडा एकाच आलेखावर ठेवणे म्हणजे निव्वळ घोटाळा. शिवाय ‘असर’चा नमुना जिल्ह्यासाठी आखलेला असतो, जिल्ह्यात ३० गावे आणि गावात २० घरे, त्यातून आपल्या तालुक्याचा आकडा ओढून काढू नये. पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत. त्यांची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत घेतली जाते. जवळची निरीक्षण विहीर कोणती, हे यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्यावे.

जुन्या-नव्या फाइली जोडताना गावे आणि जिल्हे नावाने नव्हे, तर जनगणनेच्या किंवा स्थानिक शासन निर्देशिकेच्या संकेतांकाने जोडावेत. धाराशिव, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर या नामांतरांनंतर हे अधिकच गरजेचे झाले आहे.

पायरी ३ : आराखडा — कोणाला मोजायचे आणि कोणाशी तुलना करायची

येथे दोन वाटा आहेत. पहिलीत त्याच मुलांना किंवा त्याच कुटुंबांना पुन्हा पुन्हा मोजले जाते. पुणे जिल्ह्यातील काही गावांत १९९३ मध्ये सुरू झालेला मातृपोषणाचा अभ्यास असाच आहे; गर्भधारणेपूर्वीच स्त्रियांची नोंद करून पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे माग त्यात ठेवण्यात आला. दुसऱ्या वाटेत प्रत्येक फेरीला त्याच गावांतून नव्याने निवडलेल्या मुलांना मोजतात. एखाद्या मुलात काय आणि का बदलले, हे पहिल्या वाटेने कळते. ‘गावातील पाच वर्षांखालील मुले’ या गटाची स्थिती कशी बदलली, हे दुसऱ्या वाटेने कळते. तीच मुले तीन वर्षांनी मोजली तर ती तीन वर्षांनी मोठी झालेली असतात आणि तिसरीतला मुलगा सहावीत गेल्यावर अधिक चांगले वाचतो, यात कोणाचे फारसे श्रेय नसते. लहान संस्थांनी शक्यतो दुसरी वाट धरावी. पहिलीला लागणारा चिकाटीचा पाठपुरावा त्यांच्या मनुष्यबळाला सहसा पेलत नाही.

नमुन्याच्या आकाराबाबत एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवावा. गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले, हा फरक संख्याशास्त्राच्या नेहमीच्या निकषांवर पकडायचा असेल, तर प्रत्येक फेरीत सुमारे ३९० मुले लागतात. ही संख्या मुले विखुरलेली निवडली तरच पुरते. एका गावातील मुलांचे शिक्षक तेच आणि शाळाही तीच, त्यामुळे ती एकमेकांसारखी असतात. गावागणिक २० मुले घेतली आणि हे साधर्म्य अगदी बेताचे धरले, तरी गरज जवळपास दुप्पट होते, म्हणजे सुमारे ७६० मुले आणि ३८ गावे. एवढे शक्य नसेल तर लहान अभ्यास जरूर करावा, पण त्यात पाच टक्क्यांचा फरक दिसला म्हणून पेढे वाटू नयेत. बारा मुलांच्या वर्गात एका मुलामागे आठ टक्के इकडचे तिकडे होतात.

तुलनेसाठी काम न झालेली गावे का लागतात, याचे महाराष्ट्रातील सर्वांत स्वच्छ उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९३-९५ या पायाभूत काळात दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू प्रयोगाच्या गावांत ६२ आणि तुलनेच्या गावांत सुमारे ५८ होते. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी पहिल्या गटात ते २५.५ वर आले, तर दुसऱ्या गटात ५९.६ राहिले. तुलनेची गावे नसती, तर रस्ते झाले, दवाखाना आला, उत्पन्न वाढले, म्हणून मृत्यू घटले असे कोणीही म्हणू शकले असते, ५९.६ या आकड्याने ती शंका मिटवली. आधीची मोजणी दोन वर्षे आणि दोन्हीकडे झाली होती, हेही विसरू नये. तुलनेची गावे निवडताना लोकसंख्या, रस्त्यापासूनचे अंतर, सिंचन आणि सामाजिक रचना सारखी असावी, आणि ती गावे आपल्या कामाच्या गावांना अगदी चिकटून नसावीत, कारण कामाचा परिणाम बांधापलीकडे जातोच.

पायरी ४ : महिना ठरवा आणि तो बदलू नका

ही पायरी सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त मोडली जाणारी आहे. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतील अनेक गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. पहिली फेरी ऑगस्टमध्ये आणि दुसरी डिसेंबरमध्ये केली, तर दुसऱ्या वेळी गावातील सर्वांत गरीब कुटुंबे आणि त्यांची मुले मोजणीतून गायब असतात. सरासरी वजन वाढते, वाचनाचे प्रमाण सुधारते आणि अहवाल झकास दिसतो. पावसाळ्यात अतिसाराचे प्रमाण वाढते, त्यामुळे वजनाचा आकडा तसाही हंगामाबरोबर हलतो. वाचन शैक्षणिक वर्षाच्या त्याच महिन्यात तपासावे. जूनमधील तिसरी आणि मार्चमधील तिसरी यांत जवळपास एका इयत्तेचे अंतर असते.

पाण्यासाठी ऑक्टोबर आणि मे या दोन नोंदी किमान हव्यात. एक पावसाने किती भरले ते सांगते, दुसरी उन्हाळ्यापर्यंत किती उरले ते सांगते.

पायरी ५ : प्रत्यक्ष मोजणी

*मुलांची उंची.* दोन वर्षांखालील मुलाची लांबी फळीवर झोपवून मोजतात आणि दोन वर्षांपासून पुढे उभे करून उंची मोजतात. तेच मूल झोपवून मोजल्यास साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरते. हा फरक किती महाग पडतो ते पाहा. बरोबर २४ महिन्यांच्या मुलग्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या प्रमाणकांनुसार खुजेपणाची सीमा उभ्या उंचीत ८१.० सेंटिमीटर आहे. मूल रडते म्हणून सेविकेने त्याला झोपवून मोजले, ८१.४ नोंदवले आणि ०.७ वजा करायचे राहिले, तर ते मूल ‘सामान्य’ ठरते. वजा केले तर ८०.७ येतात आणि ते खुजे ठरते. एका फेरीत बहुतेक मुले झोपवून आणि दुसरीत उभी करून मोजली गेली, तर गावात काहीही न घडता खुजेपणाचा आकडा बदलतो. म्हणून नोंदवहीत ‘झोपवून’ की ‘उभे’ हा रकाना हवाच. वेणी, अंबाडा किंवा टोपी काढावी, टाचा आणि पाठ फळीला टेकवावी, दोन वेळा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावेत. त्यांत अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक फरक आला तर तिसऱ्यांदा मोजावे.

वयाची चूक उंचीच्या चुकीपेक्षाही मोठी ठरते. ‘दीड वर्षाचा असेल’ हे उत्तर घेऊ नये. जन्मदाखला, माता-बाल संरक्षण कार्ड किंवा लसीकरणाची नोंद पाहून जन्मतारीख लिहावी. तिन्ही नसेल तर सण, पेरणी, गावातील लग्न यांच्या आधारे महिना ठरवावा आणि तो अंदाज असल्याची खूण करावी. वजनकाटा रोज सकाळी माहीत असलेल्या वजनाने, उदाहरणार्थ ५ किलोच्या प्रमाणित मापाने, तपासावा.

*वाचन.* ‘असर’ची पद्धत गावपातळीवर सहज वापरता येते : अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून होते; मूल अडखळले तर खाली शब्दांकडे, नीट वाचले तर वर गोष्टीकडे. पाच शब्दांपैकी चार बरोबर आले तर मूल ‘शब्द’ पातळीचे. सगळा कस परिच्छेदावर लागतो : मूल वाक्य म्हणून वाचते आहे की एकेक शब्द सुटा सुटा जोडते आहे, हे तपासणाऱ्याच्या कानावर अवलंबून असते. म्हणून काही मुलांच्या वाचनाचे ध्वनिमुद्रण पालकांच्या परवानगीने ठेवावे आणि प्रत्येक फेरीपूर्वी सर्व तपासनीसांना तेच ऐकवून गुण द्यायला लावावेत. मागच्या वेळी ‘परिच्छेद’ ठरलेले वाचन या वेळी ‘शब्द’ ठरत असेल, तर कान बदलले आहेत. दरवेळी तोच कागद वापरू नये, कारण शिक्षक तो पाठ करून घेतात. काठिण्य सारखे असलेले निदान चार नमुने सुरुवातीलाच तयार करून कुलूपबंद ठेवावेत. तपासणी शक्यतो घरी करावी, म्हणजे गैरहजर मुले सुटत नाहीत.

*विहिरी.* महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भूभाग बेसॉल्ट खडकाचा आहे. त्यात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांत साठते, त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींच्या पातळीत कित्येक मीटरचा फरक असू शकतो. दरवेळी त्याच विहिरी मोजणे येथे अनिवार्य आहे. कठड्यावर ऑइलपेंटने मोजबिंदू रंगवावा, कठड्याची जमिनीपासूनची उंची लिहावी आणि पातळी नेहमी जमिनीपासून किती मीटर खोल अशीच नोंदवावी. पुढे कोणी कठडा वाढवला किंवा विहीर खोल केली, तर त्याची तारीख नोंदवहीत यायला हवी. पंप चालू झाल्यावर पातळी झपाट्याने उतरते, आणि शेतीची वीज कधी रात्री, कधी दिवसा मिळते. म्हणून मोजणी पहाटे किंवा पंप बंद होऊन बराच वेळ झाल्यावर करावी आणि शेवटचा उपसा केव्हा झाला ते लिहावे.

कोरड्या विहिरीची नोंद हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. कार्यकर्ता तेथे शून्य लिहितो किंवा ती ओळ मोकळी सोडतो. शून्य लिहिले तर संगणक पाणी जमिनीला टेकले आहे असे समजतो. मोकळे सोडले तर सरासरी फक्त पाणी असलेल्या विहिरींची निघते, आणि दुष्काळाच्या वर्षी पाणी वर आल्यासारखे दिसते. ‘कोरडी, तळ इतक्या मीटरवर’ असे लिहावे आणि अहवालात कोरड्या विहिरींची संख्या वेगळी द्यावी.

पायरी ६ : माणसे, संमती आणि नोंदी

प्रत्येक फेरीपूर्वी दोन दिवसांचे प्रशिक्षण पुन्हा घ्यावे, मागच्या फेरीची माणसे असली तरीही. निदान दहा टक्के घरांत दुसऱ्या व्यक्तीने जाऊन फेरमोजणी करावी. आपल्याच कामाचे यश आपल्याच कार्यकर्त्याने मोजू नये. गावांची अदलाबदल केली तरी बराच पक्षपात कमी होतो.

पालकांची संमती त्यांना समजेल अशा बोलीत घ्यावी, मोठ्या मुलांना स्वतःलाही विचारावे, आणि नकार देणाऱ्या घराची माहिती गावात चर्चेला येऊ देऊ नये. मोजणीत सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित श्रेणीतील मूल आढळले, किंवा दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर त्याला त्याच दिवशी अंगणवाडी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे लागते, मग ते तुलनेच्या गावातले का असेना. यामुळे तुलना थोडी बिघडते, बिघडू द्यावी.

प्रत्येक कुटुंबाला, मुलाला आणि विहिरीला कायमचा क्रमांक द्यावा. नावे फसवतात : सूनबाईचे नाव माहेरचे आणि सासरचे वेगळे असते, एकाच वाडीत एकाच नावाचे चार जण निघतात, आणि मोबाइल क्रमांक दरवर्षी बदलतो. कोबो टूलबॉक्ससारखे मोफत साधन मोबाइलवर इंटरनेटशिवायही चालते आणि अशक्य आकडे जागच्या जागी अडवते. नावांची यादी आणि मोजणीची माहिती वेगवेगळ्या फाइलींत ठेवावी.

पायरी ७ : गळतीचा हिशेब

तीच मुले पुन्हा मोजली जात असतील, तर पुढच्या फेरीत न सापडलेल्यांची यादी करून त्यांची पहिल्या फेरीतील स्थिती उरलेल्यांशी ताडून पाहावी. गळालेली मुले मुळात अधिक खुजी किंवा वाचनात मागे असतील, तर उरलेल्यांची सरासरी सुधारणे अटळ असते. अशा वेळी दोन्ही फेऱ्यांत मोजल्या गेलेल्या मुलांचाच वेगळा तक्ता द्यावा आणि स्थलांतरित कुटुंबांसाठी ती परतल्यावर एक जोडफेरी करावी.

पायरी ८ : फरक काढणे

सर्वांत साधा हिशेब असा : कामाच्या गावांतील आधी-नंतरचा फरक काढायचा, तुलनेच्या गावांतीलही काढायचा, आणि पहिल्यातून दुसरा वजा करायचा. गडचिरोलीत पहिला फरक ३६.५ ची घट आणि दुसरा जेमतेम दीडची वाढ होती. त्याबरोबर त्रुटीची मर्यादा द्यावीच. शंभर मुलांच्या नमुन्यात ती सुमारे दहा टक्के वर-खाली असते, चारशेंच्या नमुन्यात पाच. ४० वरून ५० टक्के झाले तर ती दहा टक्केबिंदूंची वाढ आहे की २५ टक्क्यांची, हेही स्पष्ट लिहावे, कारण वर्तमानपत्र मोठा आकडाच उचलणार.

पाण्यात सुरुवातीचे वर्ष घात करते. जलसंधारणाचे काम सहसा दुष्काळानंतर सुरू होते, म्हणजे पायाभूत मोजणी वाईट वर्षातली असते. मराठवाड्यात २०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दोन वर्षे पाऊस रुसला आणि २०१६ मध्ये चांगला झाला. मे २०१६ ची पातळी मे २०१७ शी ताडली, तर ज्या गावात कुदळही पडली नाही तेथेही पाणी वर आलेले दिसेल. म्हणून महसूल मंडळातील पर्जन्यमापकाची नोंद पातळीशेजारी लावावी, सारख्या पावसाची वर्षे एकमेकांशी ताडावीत, किंवा भूजल यंत्रणा करते त्याप्रमाणे मागील पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करावी.

फेऱ्या किमान तीन असाव्यात. ‘असर’नुसार ग्रामीण भारतात तिसरीतील दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के, २०२२ मध्ये २०.५ टक्के आणि २०२४ मध्ये २७.१ टक्के होती. मधली फेरी नसती, तर सहा वर्षांत काहीच घडले नाही असे वाटले असते, आणि करोनाकाळात शाळा बंद पडल्याची किंमत व त्यानंतरची भरपाई दोन्ही नजरेआड झाली असती.

पायरी ९ : निष्कर्ष गावापुढे ठेवणे

अहवाल देणगीदाराकडे जाण्यापूर्वी ग्रामसभेत वाचावा. कोणत्या विहिरीवर नवे बोअर पडले, कोणते शिक्षक मध्येच बदलून गेले, कोणती वस्ती उठून गेली, हे तेथेच कळते आणि तक्त्यातील विचित्र आकड्यांची निम्मी कारणे मिळतात. न बदललेले आणि बिघडलेले निर्देशकही, पहिल्या पायरीत लिहून ठेवलेल्या क्रमानेच द्यावेत. त्यानंतर प्रश्नावली, वाचनाचे न वापरलेले नमुने, संकेतांकांची यादी, विहिरींचा मोजबिंदू दाखवणारी छायाचित्रे आणि मूळ माहितीची प्रत असा संच तयार करून एक ग्रामपंचायतीत व एक संस्थेत ठेवावा. त्यातून नावांची यादी मात्र वगळावी. पुढची फेरी बहुधा दुसरेच लोक करणार असतात आणि त्यांना ती याच संचावरून करावी लागते.